सुनंदा पाण्याखाली, मी नावेवर

बल्लारशाच्या फलाटावर आम्ही चेन्नईच्या गाडीची वाट पाहत होतो. मे महिना. सूर्य मावळला तरी बाकडं चटके देत होतं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, वळकटीवर निवांत बसली होती आणि मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो.

"बसा ना जी एका जागी," ती म्हणाली. "तुमच्या चालन्यानं गाडी लवकर येनार हाये का?"

मी आरमोरीच्या शाळेत भूगोल शिकवतो. प्रवाळ बेटांचा धडा दरवर्षी येतो. फळ्यावर बेट काढायचं, त्याभोवती कडं काढायचं, पुढच्या धड्याकडे वळायचं. प्रवाळ मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्रही नाही. माझं गाव जिवतीच्या डोंगरात. तिथे उन्हाळ्यात विहिरीत पोहरा खरवडून पाणी काढावं लागे, पोहायला कुठून शिकणार? सुनंदाचं उलट. ती वैनगंगेकाठच्या ढिवराची मुलगी. वडिलांचं जाळं बुडालेल्या लाकडात अडकलं की सोडवायला पाण्यात उतरायची ती हीच.

तिचा धाकटा भाऊ देवानंद अंदमानात एका नावेवर पाणबुड्यांचा वाटाड्या होता. नाव म्हणजे तरंगतं घरच. आठवडाभर तिच्यावरच राहायचं, जेवायचं, झोपायचं. दिवसातून दोन-तीनदा पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळात उतरायचं आणि मग पुढच्या बेटाकडे निघायचं. हंगामाची शेवटची फेरी जवळजवळ रिकामी जाणार होती, म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. खरं तर तिला बोलावलं. मी सोबत.

चेन्नईहून जहाजाने पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत माझ्या पोटात काही टिकलं नाही. सुनंदा मात्र कठड्याशी उभी राहून उडणारे मासे बघत होती. धक्क्यावर देवानंदाने तिच्या पायांना हात लावला. "बाई (आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात), उद्यापासून शिकनं सुरू." उथळ खाडीत त्याने तिला नळीतून श्वास घ्यायला, कानातला दाब सोडायला, खुणांनी बोलायला शिकवलं. ती जन्मभर लुगड्यात पोहलेली. अंगाला चिकटणारा रबरी पोशाख चढवताना म्हणाली, "देवा, तुयी शपथ, मी आरशात नाई पाहनार."

मग आम्ही नावेवर चढलो. तांडेल, म्हणजे नावेचे कप्तान, होते बिश्वासदा. तिथेच जन्मलेले, पिकल्या दाढीचे, थोडं बोलणारे. पाहुणे म्हणून बंगळुरूचं एक तरुण जोडपं. शिवाय एक स्वयंपाकी आणि डुंगी (तिकडची यंत्रावर चालणारी छोटी होडी) हाकणारा रफीक. जेवणात भात आणि खोबऱ्याच्या रसातला सुरमईचा रस्सा. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, भात दिसला की परकं वाटत नाही. आम्ही नेलेली जवसाची चटणी बंगळुरूकरांनी पावाला लावून संपवली आणि वर डबा चाटला.

पण नावेवर चालायला जागा नव्हती. नाळेपासून (नावेचं पुढचं टोक) निघालो की लगेच वरवंडी (नावेचं मागचं टोक) यायची. मी वळायचो, परत यायचो. स्वयंपाकी प्रत्येक फेरीला पाय आवरून घ्यायचा. सुनंदा, देवानंद आणि ते जोडपं अशी चौघं पाण्याखाली गेली की माझं जास्तच बिघडायचं. वर नुसते बुडबुडे. मी बुडबुडे पाहायचो, घड्याळ पाहायचो, कांद्याच्या पोत्यावर बसायचो, उठायचो.

पहिल्यांदा वर आली तेव्हा सुनंदाच्या गालांवर मुखवट्याचे वळ होते आणि डोळे असे चमकत होते, की तसे मी लग्नातही पाहिले नव्हते.

"काय होतं?"

"वारुळं हाये जी. वारुळावर वारुळ. अन् हरेक वारुळाले पानं फुटल्यावानी. मोहाखाली सकाळी फुलाईचा सडा पडते ना? तसा मासोड्याईचा सडा. पन हलता."

माझ्या पाठ्यपुस्तकात एवढं नव्हतं. मी खोदून खोदून विचारत राहिलो. रंग कोणता, खोली किती, पाणी गार का? शेवटी ती हसली. "तुमीच या ना खाली." मी विषय बदलला.

बेटामागून बेट मागे पडत गेलं. एका सकाळी आम्ही एका एकट्या खडकाजवळ नांगर टाकला. पाणी शांत दिसत होतं. चौघं उतरली. थोड्या वेळाने पश्चिमेचं आभाळ काळं झालं आणि बघता बघता पाऊस आडवा येऊन आदळला. समोरचा खडक दिसेना, बुडबुडे कुठले दिसणार! बंगळुरूची दोघं नांगराच्या दोराला धरून वर आली. मुलगी रडत होती. खाली पाण्याची ओढ एकदम वाढली होती, ती म्हणाली. देवानंदाच्या हातातून सुनंदाचा हात सुटला. देवानंदाने या दोघांना दोराशी आणून सोडलं आणि तो तिच्या मागे गेला.

टाकीतली हवा संपायची वेळ होऊन गेली. कोणी वर आलं नाही.

मी बिश्वासदांच्या खांद्याला धरून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्यांनी माझा हात बाजूला केला, रफीकला डुंगी घेऊन एका अंगाला पाठवलं, नांगर उचलला आणि नाव ओढीच्या दिशेने सोडली. पाऊस ओसरला. समोर लाटाच लाटा, आणि प्रत्येक लाटेवर मला केशरी फुगा दिसायचा. पाण्यातली माणसं खूण म्हणून असा लांबट फुगा वर धरतात. "वो रहा!" मी किती वेळा ओरडलो. प्रत्येक वेळी फेसच निघाला. मी नाळेकडे धावायचो, वरवंडीकडे धावायचो. मनात नको नको ते येत होतं. सासूबाईंना काय सांगू? दोन्ही लेकरं एकाच पाण्यात!

मग बिश्वासदांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, त्यांनी आशा सोडली.

"बंद क्यों किया?"

"मास्टरजी," ते हळू म्हणाले, "हिलिए मत। आपके पाँव बजते हैं। सुनिए।"

मी थांबलो. कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय फळीवर रोवले. स्वयंपाकी थांबला, ती दोघं थांबली. पाणी नावेच्या अंगाला लागत होतं, तेवढाच आवाज. माझे गुडघे आपोआप हलू पाहत होते. मी दात आवळून उभा राहिलो. एवढा स्थिर मी जन्मात उभा राहिलो नसेन.

आणि डाव्या अंगाला, फार लांब, एक बारीक आवाज आला. पाखरासारखा. पुन्हा आला. शिटी होती.

मी बोट दाखवलं.

बिश्वासदांनी नाव वळवली. बऱ्याच वेळाने दोन डोकी दिसली, एकमेकांच्या पट्ट्याला धरून तरंगणारी. फुगा फाटला होता. देवानंदाचे ओठ निळे पडले होते, शिटी अजून दातांत होती. सुनंदाला वर ओढून घेतलं तेव्हा ती थरथरत होती. मी तिच्यावर खेकसलो, "हात काऊन सोडला?"

तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "मी नाई सोडला जी. सुटला." मग माझ्या हाताला धरून हळू म्हणाली, "मी ओढीच्या संगं जाऊन राह्यली होती. ओढीशी झगडाचं नाई. देवा येईन, हे मालूम होतं. तुमी जेवले का?"

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. देवानंद "भाऊजी, भाऊजी" म्हणत पाठ थोपटत होता.

मला वाटलं, आता ती पाण्याचं नाव काढणार नाही. दुसऱ्या दिवशी उथळ पाणी पाहून तिने टाकी पाठीवर घेतली. मी अडवणार होतो. तिने नुसतं पाहिलं, आणि मी पट्टा आवळायला मदत केली.

शेवटच्या दिवशी देवानंदाने मला कमरेइतक्या पाण्यात नेलं, मुखवटा चढवला आणि माझं तोंड पाण्यात धरलं. खाली जांभळी झुडपं डोलत होती आणि एक पोपटी मासा दगड कुरतडत होता. त्याचा कुरकुर आवाज मला ऐकू आला. एवढं दिसलं आणि माझ्या नाकात पाणी गेलं. मी खोकत, हातपाय झाडत उठलो. भूगोलाच्या मास्तरने पाहिलेलं प्रवाळ एवढंच.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रवाळाचा धडा आला तेव्हा मी फळ्यावर काही काढलं नाही, सुनंदाला वर्गात बोलावलं. ती आधी लाजली, मग बोलायला लागली आणि पोरं बाकांवरून पुढे सरकली. तिथे वाघ राहते का, मासोळ्या झोपतात का, खारं पाणी डोळ्यात गेलं की काय होते, असले प्रश्न. वाहून गेल्याची गोष्ट तिने मीठमिरची न लावता सांगितली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तवा गुरुजी कुठी होते?"

वर्ग माझ्याकडे वळला. मी खिडकीशी उभा होतो.

"वरते," सुनंदा म्हणाली. "थेच आयकून राह्यले होते, म्हनून सापडलो."

प्रवासाला निघताना मला खूप पाहायचं होतं. पाहिलं फारच थोडं. त्याची रुखरुख अजून आहे. पण त्या दिवशी वर्गात ती जे बोलली, त्यानंतर मी कुणाला त्या प्रवासाची तक्रार सांगितलेली नाही.