परत घेतलेला शब्द

ओमेश्वर पुण्याच्या फुटबॉल क्लबातून घरी आला तो न कळवता आला, आणि आल्यापासून बोलेना. विचारलं तर "हो", जेवायला बोलावलं तर "नको", यापलीकडे शब्द नाही. सतरा वर्षांचं उंचपुरं पोर, पण अंगणात उभं राहायचं ते भिंतीकडे तोंड करून. आई जवळून गेली तरी अंग चोरायचं, जणू तिच्या वाटेत आल्याबद्दल माफी मागतंय.

त्याची आई भूमेश्वरी पटले तिरोड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. नवरा उमेंद्र गोंदियाच्या राइस मिलमध्ये ऑपरेटर, रविवारीच घरी यायचा. त्यामुळे बोदलकश्याच्या तलावाखालच्या त्यांच्या गावात, घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा, बिसनलालांचा.

आणि बिसनलालांचा शब्द नुसता घरात नव्हे, आसपासच्या पाच-पंचवीस गावांतल्या पोवार समाजात चालायचा. सोयरीक जुळवायची असो की भावाभावांत शेताचा धुरा आखायचा असो, "बिसनलाल मधात आहे ना? मग झालं," असं लोक म्हणत. काटक अंग, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं धोतर, खांद्यावर दुपट्टा. बोलणं कमी. लहानपणी मास्तरांनी त्यांच्या पाठीवर बेशरमाच्या काड्या मोडल्या होत्या आणि हे ते अभिमानानं सांगत. शिकवणारा मारतो, मारणारा शिकवतो, यात त्यांना कधी शंका आली नव्हती.

"काऊन पळून आला बे?" त्यांनी पहिल्याच दिवशी नातवाला विचारलं. "मास्तरानं मारलं म्हणून पळते का कोणी? तुया बापानं मार नाई खाल्ला? म्या नाई खाल्ला?"

ओमेश्वर भिंतीकडे पाहत राहिला.

"राहू द्या मामाजी," भूमेश्वरी म्हणाली.

"राहू कायले द्यू? दोन वर्सं त्याइनं ठेवलं, खाऊ घातलं. काही रीत हाय का नाई?"

शेवटी भूमेश्वरी त्याला गोंदियाला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बराच वेळ त्याच्याशी एकटेच बोलत बसले. परत येताना ऑटोत, बाहेर बघत बघत, ओमेश्वरनं तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

तो गोलकीपर. एका सामन्यात चेंडू त्याच्या हातातून सुटला, क्लब हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोचनं सगळ्या मुलांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "हा इथे नाही. कळलं? हा नाहीच. जो याच्याशी बोलेल तो याच्या जागी उभा राहील." त्या दिवसापासून मेसमध्ये सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ओमेश्वरनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मैदानात ग्लव्हज घालून गोलात उभं राहायचं, आणि मुलांनी दुसऱ्या गोलवर चेंडू मारायचे. गुड्डू नावाचा भंडाऱ्याचा मुलगा त्याच्याच खोलीत राहायचा, दोघं एका ताटात जेवणारे. त्यानंसुद्धा आपली खाट फिरवून घेतली. दिवाळी गेली, थंडी गेली, तरी हुकूम उठला नाही. मुलांना इतकी सवय झाली की चालताना धक्का लागला तरी कोणी वळून बघेना.

"मंग माय," ओमेश्वर म्हणाला, "मलेच वाटू लागलं का मी नाई."

भूमेश्वरीनं ऑटोची दांडी घट्ट धरली. मग विचारलं, "तुला काय हवं आहे बेटा? काय केलं म्हणजे बरं वाटेल?"

"त्याइनं त्या सगळ्याइसमोर म्हणावं. का मी होतो तिथं."

एवढंच. पण एवढं मागायला तिनं क्लबच्या मॅनेजरला फोन लावला तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "ताई, हा प्रोफेशनल खेळ आहे. मानसिक कणखरता लागते. मुलगा कच्चा निघाला, त्याला कोण काय करणार?" ती मात्र रोज फोन करत राहिली. कंटाळून एकदाचा तो म्हणाला, "या, समोरासमोर बोलू."

बिसनलालांना तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मीबी येतो. पोरगा न सांगता आला, त्याची माफी मांगा लागन. आन एकाच बाजूचं आयकून कोणाले दोष देता येत नाई. कोच साहेबालेबी इचारू."

भूमेश्वरीला वाटलं, हे तिथं जाऊन हात जोडतील, आणि मग आपल्याला बोलायला तोंड उरणार नाही. पण नको कसं म्हणणार? महाराष्ट्र एक्सप्रेसची तीन तिकिटं काढली, कारण ओमेश्वरही "येतो" म्हणाला होता. वरच्या बर्थवर तो डब्याच्या भिंतीकडे तोंड करून पडून होता. अख्ख्या प्रवासात सासऱ्यांनी एकदाच तोंड उघडलं, "त्याले काही खाऊ घाल," एवढंच.

पुण्याबाहेरच्या त्या क्लबाच्या फाटकाशी ओमेश्वरचे पाय थांबले. "मी इथंच," तो म्हणाला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. भूमेश्वरी आणि बिसनलाल आत गेले.

ऑफिसात मॅनेजर होता आणि ट्रॅकसूट घातलेला कोच. कोच उठला तो थेट बिसनलालांच्या पायांना हात लावायला वाकला.

"ओळखलंत ना आजोबा?"

"ओळखलं, साहेब. सुखी राहा."

झालं, भूमेश्वरीला वाटलं. तिनं घाईनं बोलायला सुरुवात केली. मेस, भिंत, खोली, डॉक्टर, सगळं. आवाज कापत होता, तरी थांबली नाही. "माझ्या मुलाची मागणी एकच आहे. जे केलं ते चुकीचं होतं, असं त्याच मुलांसमोर सांगा."

कोच शांतपणे हसला. "ताई, मी त्याला बोटही लावलेलं नाही. आणि तुम्ही विसरलात का? मुलाला सोडायला आलात तेव्हा आजोबा मैदानावर सगळ्या पोरांसमोर काय म्हणाले होते? 'चमडी तुमची, हाडं आमची.' तुम्ही शेजारीच होतात. हसत होतात."

खरं होतं. त्यांच्याकडे पोर गुरुजींच्या हवाली करताना हे, म्हणजे हवं तेवढं मारा, फक्त हाडं शाबूत ठेवा, असं म्हटल्याशिवाय कोणी मागे फिरत नसे. भूमेश्वरीला वसतिगृहात सोडलं तेव्हा तिच्या बापानंही हेच म्हटलं होतं. त्या दिवशी मैदानावर तिला ते वाक्य आशीर्वादासारखं वाटलं होतं. आता तेच तिच्यासमोर उलटून उभं राहिलं होतं.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे पालकांची संमती होती तर."

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. बिसनलालांनी हात जोडले होते.

"साहेब, ते बोली माईच. म्या देल्ली होती," ते म्हणाले.

"बस, मग प्रश्नच मिटला."

"थांबा. एक इचारतो. जेवाच्या वक्ताले पोराले भितीकडं उभा केला?"

"शिस्त असते आजोबा."

"त्याच्यासंग कोणी बोलत नोतं?"

"मीच सांगितलं होतं. त्यानं मुलं टणक होतात."

"आन कवापर्यंत?"

"सुधारेपर्यंत."

बिसनलालांनी जोडलेले हात सोडले. "आमच्याकडं याले वाळीत टाकनं म्हनते. म्या लहानपनी पाह्यलं हाय. मारलेल्या मानसाले पाहाले चार जन तरी येते, साहेब. वाळीत टाकला त मेल्यावरबी कोनी येत नाई. म्या माराची बोली देल्ली होती, ह्याची नाई. आन आता ते माराचीबी देत नाई. वापस घेतो."

"ठीक आहे, घेतली परत," मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला. "संपला विषय."

"असा नाई संपत. सोयरीक मोडाची असन त ज्याइच्या समोर सुपारी फोडली त्याइच्याच समोर सांगा लागते. घरात बसून मोडली त मोडत नाई. पोराइले बोलवा."

"प्रॅक्टिस सुरू आहे. शक्य नाही."

"मंग मीच जातो," म्हणून म्हातारा उठला आणि चालूही लागला.

"अहो आजोबा! टर्फवर चपला चालत नाहीत!" कोच मागून धावला, त्याच्या मागे भूमेश्वरी. बिसनलालांनी रेषेशी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चेंडू थांबले. पोरं देशभरातली, म्हातारा त्यांच्याशी गोंदियाच्या बाजारातली हिंदी बोलू लागला.

"बेटाहो, दो साल पहले मैं इधरच खडा था. तुम्हारे सामने बोला था, चमडी तुम्हारी, हड्डी हमारी. गलती किया. वो बात मैं वापस लेता हूँ. ओमेश्वर के साथ जो हुआ वो अच्छा नहीं हुआ. अब तुम सच बताओ. ओमेश्वर इधर था, के नहीं था?"

कोणी हललं नाही.

कोचनं शिट्टी फुंकली. "कोई जवाब नहीं देगा. लाइन में!"

मुलांनी माना खाली घातल्या. त्यांच्यात गुड्डूही होता. ओमेश्वरच्या फोटोंत पाहिलेला, म्हणून भूमेश्वरीनं त्याला ओळखलं. तो बुटांच्या नाड्यांकडे पाहत होता. एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानावर तिचा म्हातारा सासरा एकटा उभा होता, आणि समोरची माणसं तो नाहीच असं वागत होती. ऑटोत ऐकलेलं सगळं तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हे दिवसचे दिवस तिच्या पोरानं सोसलं होतं.

"था," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

एक किडकिडीत मुलगा पुढे आला, दूर ईशान्येकडचा. "था, दादाजी. मेस में मेरे पीछे खड़ा रहता था. मैं रोज देखता था."

"म्हंजे दिसत होता त तो. कोनालेच सवय नाई झाली ना रे मंग," बिसनलाल स्वतःशीच पुटपुटले.

मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. कोचची शिट्टी वाजत राहिली, पण ती आता कुणी ऐकत नव्हतं. एव्हाना मॅनेजर रेषेशी येऊन थांबला होता, आणि त्याचा चेहरा पालटला होता. भूमेश्वरी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

"साहेब, माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या वाट्याची चूक सगळ्यांसमोर सांगितली. क्लबाच्या वाट्याची कोण सांगणार? कोच तुमचा, मेस तुमची, भिंत तुमची. रोज तिथून जाता-येता तुम्हाला एक मुलगा उभा दिसला नाही?"

"चौकशी करू, ताई."

"करा. पण ती होईपर्यंत हे गृहस्थ मैदानावर नकोत. आणि ते मला नका सांगू, त्या मुलांना सांगा. आत्ता. नाहीतर आज यातल्या प्रत्येकाच्या घरी मी फोन करेन."

मॅनेजरनं मुलांकडे पाहिलं. त्याच्या मनात पश्चात्ताप होता की भीती, हे तिला कळलं नाही. पण तो रेषेच्या आत गेला, मुलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ओमेश्वर पटलेसोबत जे झालं ते चुकीचं झालं. क्लबनं ते थांबवायला हवं होतं. चौकशी होईपर्यंत सर इथं शिकवणार नाहीत." हिंदीतही सांगितलं.

कोच एकदाच बोलला, "अशानं खेळाडू घडत नसतात," आणि निघून गेला. त्यानं माफी मागितली नाही, पुढेही कधी नाही. चौकशी लांबली, आणि ती संपायच्या आत तो दुसऱ्या राज्यातल्या क्लबात रुजू झाला. भूमेश्वरीनं त्या क्लबालाही कळवलं. तिकडून उत्तर आलं नाही. अजून ती कळवते आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी टपरीवर येऊन तिनं ओमेश्वरला मॅनेजर काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं ऐकलं. स्टेशनवर गाडीची वाट बघत तिघं बाकावर बसले तेव्हा त्यानं विचारलं, "गुड्डू बोलला?"

हो म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. काय बिघडणार होतं? पोराला तेवढंच बरं वाटलं असतं. पलीकडे बिसनलाल तिच्याचकडे पाहत होते.

"नाही बेटा," ती म्हणाली. "खाली पाहत होता."

ओमेश्वरनं तोंड फलाटाच्या भिंतीकडे वळवलं. भूमेश्वरीला वाटलं, केलेलं सगळं आपण एका वाक्यात घालवलं. फलाटावर अनाउन्समेंट झाली, हमाल धावले, गाडी काही आली नाही.

"त्याले लई भेव वाटत असन," ओमेश्वर म्हणाला. मग हात पुढे केला. "माय, मोबाइल दे."

नंबर त्याला पाठ होता. तिकडे घंटी वाजत होती, ती भूमेश्वरीलाही ऐकू येत होती. मग तिकडून "हॅलो?" ओमेश्वरचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. "हॅलो, कोन हाय?" तिकडचा मुलगा म्हणाला. बिसनलालांनी बाकाची कड धरली. "कोन हाय? ठेवून देऊ का?"

"मी," तो म्हणाला. "ओमेश्वर बोलून राह्यलो."