बापूंची डबल बेल

आमच्या केंद्रात किस्से शोधावे लागत नाहीत हो, ते आपणहून येऊन चपला काढून बसतात! इंदिरानगरात विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही दिवसभर सांभाळतो. त्यांना वाट सापडावी म्हणून बाण काढायचे, पाट्या लावायच्या, हे खातं माझं. घरी जेवताना मी हे किस्से सांगते, सगळे हसतात. मीही हसते. मग भांडी घासताना एकदम भरून येतं.

पहिलाच पराक्रम ऐका. हॉलपासून बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळे बाण रंगवले. चांगले ठसठशीत, मधे लाल ठिपका. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी मंडळी भिंतीला चिकटून चाललीत आणि मधोमध त्यांच्यातल्याच सरोजमावशी पहारा देत उभ्या! "खबरदार रांगोळीवर पाय दिलात तर!" मग मला म्हणाल्या, "छान काढलीस गं. पण दारात काढतात, मोरीपाशी नाही." ते बाण पुसण्यात माझा अख्खा रविवार गेला.

मग प्रत्येकाला आपली खुर्ची कळावी म्हणून वरती भिंतीवर ज्याचा त्याचा फोटो लावला, फ्रेम करून. दसऱ्याला सरोजमावशींनी दाराला, कपाटाला, मिक्सरला झेंडूच्या माळा घातल्या आणि उरलेल्या या फोटोंना! कुलकर्णी सर आले, आपल्या फोटोसमोर थांबले. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "कधी गेलो मी?"

मी जीभ चावली. तोवर सरांनी हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले, "मग पोरांना अजून बसवून का ठेवलंय? सोडा घरी!" झालं! सगळे पिशव्या घेऊन दारात गोळा. मी पोट धरून हसत होते. मग लक्षात आलं, यातल्या एकालाही घरचा रस्ता सांगता यायचा नाही.

आता बापू देवरे. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, मूळचे कळवणकडचे. दिवसभर आमच्याकडे असायचे. केंद्राच्या मागच्याच गल्लीत ते आणि त्यांची बायको कुसुमकाकू राहायचे, मुलगा सुनील पुण्याला. बापू वाट चुकायला लागले तसं सुनीलने त्यांच्या हातात लोकेशन दाखवणारं घड्याळ बांधलं. एका दुपारी काकूंना त्याचा फोन, "आई, बापू येवल्याच्या रोडला आहेत! गाडीत बसलेत कुठल्यातरी!"

"येवल्याला कुठले? इथे माझ्यासमोर पोहे खाताहेत!"

झालं असं, की सकाळी काकूंच्या बहिणीला येवल्याच्या गाडीत बसवायला दोघं स्टँडवर गेले होते. कंडक्टरच्या हातात घड्याळ नाही म्हणून बापूंनी आपलं काढून दिलं! "गाडी टायमात पोचली पायजे ना."

सुनील मात्र हसला नाही. "पुन्हा चुकले तर मी त्यांना पुण्याला नेणार. बाहेरून कुलूप लावीन, पण हा जिवाला घोर नको." काकू माझ्याकडे येऊन रडल्या. "कुलपात राहणारा माणूस आहे का गं हा? जन्म रस्त्यावर गेला त्यांचा. एवढी गल्ली तरी एकट्याने चालू देत."

मीही मग इरेला पेटले. मेडिकल, पिठाची गिरणी, थेट काकूंच्या फाटकापर्यंत निळ्या पाट्या लावल्या. बापूंना केंद्राच्या दारात उभं केलं. "चला बापू." हलायलाच तयार नाहीत!

"ती निळी पाटी दिसतेय ना?"

"दिसती ना. पण बेल नाय झाली."

अगं बाई! मी आत धावले, आरतीची घंटा आणून दोनदा वाजवली. टण टण. आणि बापू निघाले की! पाटीमागून पाटी, रस्त्याच्या डाव्या बाजूने, वळणावर हात दाखवून. फाटकात काकूंना देवघरातली घंटा देऊन उभं केलं होतं. त्यांनी एकदाच वाजवली. बापू थांबले. घर आलं! काकू डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. पुढे रोज तेच, माझी डबल आणि काकूंची सिंगल.

एकदा मात्र धाबं दणाणलं. काकूंचा फोन, "अजून आले नाहीत गं!" धावत सुटले. गिरणीसमोर कुल्फीची गाडी आणि शेजारी बापू ताठ उभे. कुल्फीवाला रडकुंडीला आलेला. "मॅडम, एक बार घंटी बजाया तो रुक गये. हमको लगा कस्टमर है!" सुनीलला आम्ही दोघींनी यातलं अक्षरही सांगितलं नाही.

गेल्या थंडीत काकू गेल्या. झोपेतच. सुनील बापूंना न्यायला आला. त्याचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

फाटकात त्याची कार उभी. बापू पुढच्या सीटवर. सुनीलने गाडी सुरू केली तसा बापूंनी त्याचा हात धरला. "थांब. बेल नाय झाली." त्याने समजावलं, चिडला, शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मला बोलावणं आलं. मी तीच आरतीची घंटा घेऊन गेले. हात उचलवत नव्हता माझा. पण बापू आरशात बघत वाट पाहत होते.

वाजवली. टण टण.

"हां, आता चल," बापू सुनीलला म्हणाले. गाडी हलली. काच खाली करून त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, हिला सांगून ठेवा. घर आलं की सिंगल मारायची."