सातव्या वळणावरचा हॉर्न

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी धुके. शाळेत मुलांचा वाचनाचा तास घेतला. परतताना घाटात पंधरा मिनिटे खोळंबा.

एवढ्याने भागणार नाही. वाल्मिकबद्दल लिहायला हवे.

तो शिरपूरकडचा. खडोलीच्या कारखान्यात आला, तिथून गाडी चालवू लागला. सव्वीस वर्षे तो डोकमर्डीहून शिक्षकांना दुधनीकडे नेतो-आणतो. राहतो माझ्या मागच्या खोलीत. घाटात त्याचा नियम: वळणाआधी दोनदा हॉर्न, मग कान द्यायचा. चढणाऱ्याला वाट आधी. सातव्या वळणावर समोर उभा कडा आहे, तिथे आपलाच हॉर्न परत येतो; तेवढाच आला की वाट मोकळी. "डोंगर बोलला, चला," म्हणून तो गिअर टाकतो.

आज उतरताना मावळतीचे ऊन थेट काचेवर होते. त्याने दोनदा हॉर्न दिला. लगेच आवाज आला. "डोंगर बोलला." पण या वेळी तीनदा वाजले होते. खडीचा ट्रक चढत होता. तो मला दिसला, मागच्या सीटवरच्या धनश्री बाईंना दिसला, वाल्मिकला दिसला नाही. बाई किंचाळल्या तेव्हा ब्रेक लागला. मध्ये हातभर जागा उरली.

ट्रकवाला ओरडला, "ओ काका, सो रहे थे क्या?"

"ऊन होतं ना, ताई," वाल्मिक मागे न बघता म्हणाला.

"ऊन आम्हालाही होतं, काका," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. "मावशी, सहा महिने झाले, धुरकट दिसतं. उन्हात तर काहीच नाही. कानावर चालवत होतो मी."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर उद्याच दुसरी गाडी लावली असती बायांनी. मग मी काय, घराच्या दारात बसून हॉर्न वाजवू?"

मला हसू आले, त्यालाही.

"मोतीबिंदू असेल, काढतात. परवा दवाखान्यात जाऊ. तोवर तुझा मेहुणा झुंबर चालवेल."

"झुंबर? तो उतारावर न्यूट्रल टाकतो!"

"मग तू शेजारी बसून ओरड. बायांना मी फोन करते. खरं तेच सांगेन, गाडी तुझीच ठेवा म्हणूनही सांगेन."

बराच वेळ त्याने किल्ली मुठीत धरली होती. मग माझ्यापुढे ठेवली.

किल्ली स्वयंपाकघरात चाळणीच्या खिळ्याला अडकवली. चाळणी पिठाच्या डब्यावर ठेवली आहे.