जिनाचा दिवा आणि नरडाण्याचे पाहुणे

माझं लग्न मोडता मोडता जुळलं ते विजेच्या दिव्यामुळे, आणि जुळता जुळता मोडलं होतं तेही त्याच दिव्यामुळे. आता घरोघर बटण दाबलं की उजेड पडतो, म्हणून हे कुणाला खरं वाटत नाही. पण त्या दिव्याच्या पायी मला सगळ्या पंचक्रोशीत फेफरेकरी ठरवलं गेलं होतं, आणि मी तर जन्मात कधी साधी चक्कर येऊन पडले नव्हते.

आमचं घर जळगावात एका कापसाच्या जिनाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. जिनात कपाशीची सरकी काढायची आणि रुई दाबून गासड्या बांधायच्या, हे काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. गावात तेव्हा सगळीकडे घासलेटचे कंदील. जिनाच्या मालकाला मात्र हौस दांडगी. त्यानं आपल्या इंजिनाला एक वीज करायचं यंत्र जोडलं, शेडमध्ये दिवे लावले, आणि उरलेली वीज वाया कशाला घालवायची म्हणून मागच्या चार घरांना एकेक दिवा देऊ केला. भाडं दिव्यामागे, हंगामाचं आगाऊ. घरगुती दिव्याला एक दर, धंद्याच्या दिव्याला दुप्पट. जीन चालू असेल तोवर उजेड, जीन बंद की अंधार. बटण म्हणाल तर ते शेडमध्ये मिस्त्रीपाशी. आमच्या घरात नुसता दिवा.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, शिंपी होते. लग्नसराईच्या तोंडावर दिवस मावळला तरी मशीन चालायची, म्हणून दिवा घेतला. मिस्त्री दिवा मोजायला आला तेव्हा त्यानं मशीन पाहिली आणि म्हणाला, हा धंद्याचा दिवा, दुप्पट पडतील. नाना म्हणाले, दिवा माजघरात टांगलाय, मशीन ओसरीवर आहे. मिस्त्री म्हणाला, पण उजेड तर ओसरीवर पडतो. तर नाना म्हणाले, दिवा मी घेतलाय, उजेड आपल्या पायानं तिकडे जातो, त्याला मी काय करू? मिस्त्री बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि घरगुती दर लावून गेला. पुढे आईकडे जेवायला मागितलं की ती म्हणायची, भाकरी चुलीवर आहे, पोटात आपल्या पायानं जाईल.

असा तो दिवा आला आणि त्याच्याबरोबर त्याची खोडही आली. जिनातली प्रेस गासडी दाबायला लागली की इंजिनाची सगळी ताकद तिकडे जायची, पट्टे रेंगाळायचे आणि आमचा दिवा पिवळा व्हायचा, मग तांबडा, मग नुसती लाल केसासारखी तार. तव्यावरचा पापड उलटायला लागतो तेवढा वेळ. गासडी दाबून झाली की पुन्हा लख्ख. दर गासडीला हे ठरलेलं.

पहिल्या आठवड्यात नानांनी परक्याच्या कोटाची बाही नको तिथे कापली आणि आईनं कढत फोडणी वरणाऐवजी पाटावर ओतली. तेव्हापासून घरात नियमच झाला: दिवा मावळला की हात थांबवायचा. आधी हात थांबू लागले, मग पाय, आणि मग कशी कोण जाणे, बोलणीसुद्धा. नाना तोंडात सुई धरून काही सांगत असले तर अर्ध्या शब्दावर थांबायचे आणि उजेड आला की उरलेला अर्धा शब्द पुरा करायचे. चारही घरांत तीच गत. शेजारच्या दोघी जणी दोरीवरच्या लुगड्यावरून भांडायच्या. ऐन रंगात आल्या की दिवा मावळायचा, दोघी गप्प, एकमेकींकडे बघत उभ्या. उजेड आला की जिथून सोडलं तिथून शिवी पुढे सुरू. संध्याकाळची आरती चारही घरांत एकाच शब्दाला थांबायची. आम्हाला यात काही नवल वाटेनासं झालं होतं, आणि तिथेच घात झाला.

मला पाहायला पहिल्यांदा पारोळ्याचे लोक आले ते संध्याकाळी, कारण नानांना पाहुण्यांना मुलीपेक्षा दिवा दाखवायची घाई. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, स्वयंपाक येतो का? मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि प्रेस सुरू झाली. मी तोंड उघडं ठेवून थांबले. आई पोह्यांचा झारा बशीवर धरून थांबली. नाना एक हात वर करून काही समजावत होते, तो हात तसाच वर. पाहुणे त्या तांबड्या अंधुक उजेडात आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. उजेड आला, मी "हो" म्हटलं, पोहे बशीत पडले, नानांचा हात खाली आला आणि गप्पा पुढे चालू. पाहुण्यांनी मात्र पोह्यांना हात लावला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून उठले ते स्टेशनवर जाऊन किती वेळ बसले, देव जाणे.

त्यांच्या तोंडात तीळ भिजला नाही. त्या घरात दिवेलागणीला काहीतरी शिरतं, सगळ्यांना फेफरं येतं, पोरीला तर तोंड उघडून येतं, असं गावोगाव झालं. आमच्याकडे यायला निघालेली दोन स्थळं वाटेतच वळली. मी वरवर हसत होते, पण आतून फार घाबरले होते. फेफऱ्याचा शिक्का एकदा बसला की मुलगी जन्माची घरात राहते, हे मला पुरतं ठाऊक होतं. आई नानांना म्हणाली, तो दिवा आधी काढून टाका. नाना म्हणाले, हंगामाचं भाडं भरलंय, मालक परत द्यायचा नाही. त्यावर आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, दिवा असताना नाही आणि नसतानाही नाही.

मग नरडाण्याचं स्थळ आलं. मुलगा आमच्यातलाच, पण शिवणकाम सोडून तिकडच्या जिनात कपाशीच्या गाड्या उतरवून घ्यायच्या कामावर होता. आईबाप नव्हते, काका आणि विधवा आत्यानं वाढवलेलं. आईनं यावेळी सगळं आपल्या हातात घेतलं. पाहुणे सकाळच्या गाडीनं बोलवायचे, दुपारी कार्यक्रम, दिवेलागणीच्या आत रवाना. शिवाय, न जाणो, म्हणून तिनं आमच्याकडून न थांबण्याची तालीम करून घेतली. रोज संध्याकाळी दिवा मावळला की आम्ही सगळ्यांनी जोरजोरात कामं करायची. नाना अंधारात मोठ्यानं बोलत राहायचे, मी इकडून तिकडे चालायचे, आणि आई मध्ये उभी राहून "थांबू नका, थांबू नका" म्हणायची. एकदा मी चालत जाऊन उंबऱ्यावर आपटले, तर आई म्हणाली, पडलीस तरी चालेल, थांबू नकोस.

आणि नेमकी त्या दिवशी गाडी रखडली. सकाळची गाडी दुपार टळल्यावर आली, आणि पाहुणे दारात उभे राहिले तेव्हा सूर्य जिनाच्या धुराड्यामागे गेला होता. डोक्यावर दिवा लागला. नानांनी मिस्त्रीकडे धावत जाऊन विनवलं, तासभर गासडी दाबू नका. मिस्त्री म्हणाला, वॅगन उभी आहे, वाटल्यास तुमच्या मुलीचं लग्न तासभर थांबवा.

काका साधे गृहस्थ होते. आत्याबाई मात्र कमरेला अडकित्ता लावूनच आल्या होत्या, आणि पारोळ्याची बातमी त्यांच्या कानावर आहे हे त्यांच्या नजरेतच कळत होतं. मुलगा भिंतीला टेकून बसला होता. तेव्हा अजून "तो"च होता, म्हणून तो म्हणते. मी दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला तो आवडला, हे आता या वयात सांगायला काय हरकत आहे? कान जरा मोठे होते. ते मोठे होते म्हणूनच पुढचं सगळं झालं, असं मी आजही म्हणते.

मी पोह्यांचं तबक घेऊन निघाले आणि उंबऱ्यावर असताना पहिली गासडी आली. नानांनी तालीम आठवून काज कसं करावं यावर गर्जना सुरू केली. आई न थांबता चहा ओतत राहिली, तो कपातून बशीत, बशीतून काकांच्या धोतरावर. आणि एवढी सगळी तालीम करून माझे पाय मात्र उंबऱ्यावर खिळले. उजेड आला तेव्हा काका धोतर झटकत होते, नाना अजून गर्जत होते आणि आत्याबाई फक्त माझ्याकडे पाहत होत्या.

"पोर कसी काय थांबी गयी?" त्यांनी विचारलं.

झालं, म्हटलं, आता नरडाणा लाइनवरच्या एकूण एक स्टेशनात हे पोचणार.

आत्याबाईंनी मला समोर बसवलं आणि सुईदोरा मागवला. फेफरेकरी मुलीचे हात थरथरतात, म्हणून सुई ओवून दाखव म्हणाल्या. स्वतः सुपारी काढून अडकित्त्यात धरली. मी दोरा ओला करत होते तेवढ्यात दुसरी गासडी आली. मी थांबले. थांबायचं नाही असं मनाला किती बजावलं, तरी हात ऐकेनात. पण पापण्यांच्या आडून मला दिसलं की समोरच्या भिंतीशी एक बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली आहे. तो दिव्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे कान लावून होता. भिंतीपलीकडे शेजारीण दाणे कुटत होती, तीही थांबली होती. प्रेस हुश्श झाली, दिवा उजळला, पलीकडे मुसळ पडलं, माझा दोरा हलला आणि त्याची बशी ओठांना लागली. सगळं एका दमात. त्याला हसू आलं, ते त्यानं चहात बुडवलं. मला मात्र लपवायला काही नव्हतं, मी सरळ खाली मान घालून हसले.

"हसस बी," आत्याबाई काकांना म्हणाल्या. लक्षण वाढलं असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी अडकित्ता पुन्हा सरसावला. सुपारी टणक होती, त्या चांगल्या जोर लावून कातरत होत्या. तिसरी गासडी आली. दिवा पिवळा झाला, तांबडा झाला, लाल तारेवर आला. नाना गप्प. आई गप्प. माझा दोरा सुईच्या नाकापाशी. मुसळ थांबलेलं. आणि त्या शांततेत आत्याबाईंचा अडकित्तासुद्धा अर्ध्या सुपारीत अडकून थांबलेला.

"आत्या," तो अंधारातून म्हणाला, "तुले बी उनं का फेफरं?"

उजेड आला. सगळ्यांनी आत्याबाईंच्या हाताकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

"मंग काय बोट कापी लेऊ?" त्या म्हणाल्या.

आधी काका हसले, मग नाना, मग आई, आणि भिंतीपलीकडून शेजारीणही. तिचा कान इतका वेळ भिंतीलाच होता हे तेव्हा कळलं. आत्याबाईंनी हसू बराच वेळ दाबून धरलं, मग त्यांनाही आवरेना. मुलानं काकांना समजावलं, प्रेस गासडीवर बसली की आमच्या जिनातले पट्टे असेच मान टाकतात, आवाजावरूनच कळतं. आत्याबाईंनी कातरलेली सुपारी माझ्या आईच्या हातावर ठेवली आणि पोर धडधाकट शे असा निकाल दिला. पोहे सगळे संपले.

जीन बंद झाल्यावर उन्हाळ्यात लग्न झालं. कंदिलाच्या उजेडात झालं, त्यामुळे सुरळीत झालं.

नरडाण्याला सासरी विजेचा दिवा नव्हता. पहिल्या संध्याकाळी मी चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसले. कंदील खुंटीवर एकसारखा जळत होता, मावळत नाही, उजळत नाही. मी भाकरीमागून भाकरी थापत राहिले, कुठे थांबायचंच नाही. त्या न थांबणाऱ्या उजेडात मला घराची इतकी आठवण झाली, की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि धुराचं निमित्तही पुरेना. आत्याबाई पाटावर भाजी चिरत होत्या, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

हे जेवायला आत आले. माझ्याकडे एकदा पाहिलं. खुंटीपाशी गेले आणि कंदिलाची वात हळूच खाली केली. उजेड पिवळा झाला, तांबडा झाला, वातीची नुसती लाल कड राहिली. माझा हात तव्यावर थांबला. मागे आत्याबाईंची विळीही थांबली.

"वात वर कर रे," त्या अंधारातून म्हणाल्या, "घासलेट काय फुकट येस का?"

ह्यांनी वात वर केली. मी हसत होते, आणि त्या घरात पहिल्यांदाच हसत होते. तव्यावरची भाकरी तेवढ्यात एका बाजूनं करपली होती, तीच ह्यांनी मागून घेतली.