सातव्या गाण्याची झील

आमच्या कुंभकोणमच्या घरात एक सोय आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. आणि बाहेर काही गुपचूप बोलायचं असलं तरी मराठीच. साडीच्या दुकानात आई मालकासमोर उभी राहून त्याच्या मालाची आणि मिशीची मराठीत निंदा करते, आणि तो बापडा हसत आणखी साड्या उलगडतो. मराठे राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले, तेव्हापासून ही भाषा आम्ही बहुधा याच कामासाठी जपली आहे.

माझा पहिला स्वतंत्र अल्बम मी मराठीत केला, तो याच सोयीपायी. पोस्टरवर मातृभाषेचं प्रेम वगैरे छापलं होतं, ते खोटं. तोवर मी इतरांना बीट बनवून द्यायचो आणि चौघांच्या घोळक्यात तमिळमध्ये रॅप करायचो. अंडरग्राउंड रॅपर म्हणजे ज्याचं गाणं त्याच्या गल्लीतही कुणी ऐकलेलं नाही. माडीवर आईच्या रेशमी साड्यांच्या कपाटात तोंड घालून मी आवाज रेकॉर्ड केला, कारण रेशमात आवाज घुमत नाही. ठेका जवळच्या स्वामीमलै गावातल्या, धातूच्या मूर्ती घासणाऱ्या मूर्तिकारांच्या कानशीचा.

सातवं गाणं अप्पांवर होतं. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले, दर शनिवारी मरुदानल्लूरला भजनाला जाणारे. लोकांची पोरं गायली की मान डोलावणारे. माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आले नव्हते. का, हे तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून गाण्यात विचारलं, ते श्रोत्यांना न कळणाऱ्या भाषेत. ज्यांना कळेल ते येणार नाहीत, याची मला खात्री होती.

प्रकाशन दारासुरम्‌ला, एका विणकर मित्राच्या ओसरीवर. कॉलेजची वीसेक मुलं चटयांवर बसली होती. दोन गाणी झाली आणि दारात एक व्हॅन थांबली. अप्पांनी पोस्टरवर 'मराठी' वाचून आमच्यासारख्याच मराठी घरांतली अख्खी भजनी मंडळी आणली होती, झांजांसकट.

"आपल्या भाषेंत कार्यक्रम, आणि घरीं सांगितलें नाहींस?" असं म्हणून ते पुढच्या रांगेत बसले.

भजनात पुढच्याने ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची, झील ओढायची. न उचलणं हा गाणाऱ्याचा अपमान. तिसऱ्या गाण्यात मी पहिली ओळ म्हणून श्वास घेतला, तर बारा म्हाताऱ्यांनी ती झांजांच्या तालावर परत म्हटली. मुलांना वाटलं, हे ठरवूनच बसवलंय. त्यांनी मोबाइल काढले. पाचव्या गाण्याला तीही झील ओढू लागली, अर्थ न कळता.

सातवं गाणं गाळता आलं असतं. लॅपटॉप माझ्याच पुढ्यात होता. पण ते गाळायचं तर मग एवढे दिवस कपाटात तोंड घालून केलं काय? मी बटण दाबलं.

"खुर्ची एक राखिली होती, अप्पा आले नाहींत."

मंडळींनी सवयीने ओळ उचलली आणि मध्येच त्यांना ती कळली. झांजा थांबल्या. सगळे म्हातारे अप्पांकडे बघू लागले. मला पळून जावंसं वाटत होतं.

अप्पांनी घसा खाकरला. शेजाऱ्याच्या हातातली झांज घेतली आणि एकट्याने, तालात म्हटलं, "खुर्ची एक राखिली होती, अप्पा आले नाहींत." मग तीच ओळ पुन्हा एकदा, हळू.

"म्हण रे पुढें," ते म्हणाले.

पुढच्या ओळी याहून कडू होत्या. मी एकेक म्हणत गेलो आणि अप्पा एकही न गाळता माझ्यामागून म्हणत गेले. शेवटची ओळ माझ्याने म्हणवेना. ठेका संपला, तरी ते झांज धरून थांबून होते.