नाडी बघून गोळी

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी आचऱ्याजवळच्या एका लहान दवाखान्यात रुजू झाले, ती पन्नासच्या दशकाची अखेर होती. नवी पांढरी साडी, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. हाताखाली कोणी नव्हतं, पण रुबाब मोठा.

आमच्या दाराशी रोज सकाळी एक म्हातारी अनवाणी मासे घेऊन यायची. सगळे तिला आये म्हणत, मीही म्हणू लागले. एकदा टोपली उतरवून ती पायरीवरच बसली. दर दोन शब्दांनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता. मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"आये, रात्री आडवी निजतंस मां?"

"खंय गो? आडवी झालंय की दम लागता. भिंतीक टेकून बसतंय."

मी तिला टोपलीसकट डॉक्टरांपुढे नेलं. हृदय थकलं होतं. त्यांनी खारं-सुकं बंद करायला सांगितलं, ते तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. मग मला म्हणाले, "या गोळीने हृदयाला बळ येतं, पण जास्त झाली तर तेच मंदावतं. रोज आधी नाडी बघा. साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही, मला बोलवायचं."

तेव्हापासून गोळ्या माझ्याकडे राहिल्या. आये यायची, हात पुढे करायची. मोजताना मी तिला गप्प बसवायचे, ते तिला जाचायचं. "हात धरलंस तो धरलंस, तोंड कित्याक धरतंस?" म्हणायची. हळूहळू सूज ओसरली, ती आडवी झोपू लागली.

एके सकाळी टोपली लांब ठेवून ती म्हणाली, "आज माका बांगड्याची घाण येता गो."

मला आधी हसू आलं. जिचा जन्म मासळीत गेला, तिला बांगड्याची घाण? मी एक बांगडा उचलून पाहिला. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत. म्हणजे खोट बांगड्यात नव्हती. विचारलं तर जेवणाला चव नाही, उमासे येतात, "आणि सगळा पिवळा पिवळा दिसता." नाडी साठच्या बरीच खाली. पुन्हा पूर्ण मिनिट मोजली, तरी तेच.

"आज गोळी नाय, आये."

"मगे? घरचीच खाव?"

"घरची? खंयची घरची?"

मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाला तिच्या दुखण्याचा, गोळीच्या नावासकट, निरोप गेला होता. त्याने तीच गोळी विकत घेऊन गावी येणाऱ्याबरोबर बाटलीभर पाठवली होती. "सकाळी तुझी एक, रात्री झिलाची एक. कोणाचो मान मोडू?"

मासळीची घाण, पिवळं दिसणं, सगळं जास्त झालेल्या गोळीचंच, असं सांगून डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि तिला खाटेवर ठेवून घेतलं. मी घटकेघटकेला नाडी बघत होते, वरून हसत होते, आतून घाबरले होते. काही दिवसांनी तिने सुनेला बांगड्याचं तिखलं करून आणायला सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नाडीही वर आली होती. मीठ बेताचं घालायला मी सुनेला बजावलं.

पुढे मी प्रत्येकाला विचारू लागले, "घरी आणखी काय घेतंस?" काढे निघाले, शेजारणीच्या गोळ्या निघाल्या.

गणपतीला मुलगा आला, तो ओशाळून दवाखान्यात उभा राहिला. "बाई, मगे आयेक धाडू तरी काय?"

"मऊ चपला धाड."

त्याने धाडल्या. आये त्या फक्त देवळात जाताना घालायची, आणि दारात काढून ठेवल्यावर कोण बघतंय का, ते बघायची.