उकिरड्यावरची खोली

दार उघडंना! बाळ आत पाळण्यात रडतंय, आन मी भाईर. वरनं भिंतीची माती झराय लागली, तशी मी दारावर धडकाच मारत सुटले.

"बाई, थांबा! भिंत अंगावर येईल," मागनं कुणीतरी म्हणालं.

पलीकडं कारखान्यासाठी जमीन तपासाय माणसं आली व्हती, त्यातलाच एक. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, हातात पहार. त्यानं पहार दाराखाली घातली आन दार अलगद उचलून काढलं. मी बाळाला घेऊन भाईर पळाले.

त्यो मातर भिंतीपाशी उकिडवा बसला. चिमूटभर माती थुंकीत मळली, नाकाशी धरली.

"इथं आधी काय होतं?"

"उकिरडा. मामंजींनी वर माती टाकली आन त्याच साली खोली बांधली."

"भिंत चांगली बांधलीय हो. पण खालचं शेण अजून कुजतंय, माती खचतेय, म्हणूनच दार अडकलं. भिंत तरी काय करणार? इथं झोपू नका."

मामंजी कडाडले, "माझ्या हातची खोली हाय! वाटंवरच्या माणसाचं ऐकती व्हय?"

लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मी त्यांचं ऐकलं न्हाई. पाळणा गोठ्यात बांधला. चवथ्या दिशी खोलीची भिंत पाळण्याच्या आधीच्याच जागंवर पडली.

मी भाकरी बांधून धावले, पर ती माणसं गेली व्हती. त्या चष्मेवाल्याचं नावबी इचारलं नव्हतं. आता बाळ रांगाय लागलं की त्येचीच याद येती.

तुमी आसता तर कुणाचं ऐकलं असतं? घरच्या सासऱ्याचं, का माती हुंगणाऱ्या परक्याचं?